साधा राजीनामा

गुहागर तालुक्यातल्या मास्तरांचे पेन्शनचे अर्ज सखाराम सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसत. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या वाट्याला बाजाराच्या भरवशावरची नवी योजना आली होती. आता, ज्यांच्या भरतीची जाहिरात किंवा आधीची सेवा त्या तारखेअगोदरची होती, त्यांना खात्रीच्या पेन्शनच्या जुन्या योजनेत परतायची एकदाच संधी मिळाली होती. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या संपात सर सगळ्यांच्या पुढे उभे राहिले होते. संधी आली तेव्हा पहिला अर्ज त्यांचाच गेला.

सर मुळात २००३ साली मराठवाड्यात लागले. चार वर्षांनी इकडे अंजनवेलला आई, यमुनाबाई, पडवीत घसरून पडल्या त्या अंथरुणालाच खिळल्या. धाकट्या दीपकने मुंबईहून हात वर केले. मग सरांनी पुन्हा परीक्षा दिली, आणि या जिल्ह्यात निवड होताच तिकडे राजीनामा देऊन ते घरी आले आणि इथे नव्याने लागले.

शिक्षण कार्यालयातल्या बाईंनी त्यांच्या जुन्या राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. "सर, 'तांत्रिक राजीनामा' म्हणायला हवं होतं, दुसऱ्या सरकारी नोकरीसाठी ही सोडतोय म्हणून. तुम्ही लिहिलंय, घरगुती कारणास्तव. मागची सेवा धरता येत नाही."

"मी खरं तेच लिहिलं होतं."

"तिथंच चुकलं," बाई हळूच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दीपकला फोन लावला. तो वैतागून म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं परत यायला?"

आतून आईने विचारलं, "काय म्हणतो रे दीपक?"

"तुझी चौकशी करत होता."

तेवढ्यात रावजी मास्तर आले. मुदतीचा उद्या शेवटचा दिवस होता. "सर, एकदा बघून द्या. तुम्ही बघितलंत म्हणजे मला घोर नाही."

सरांनी पानं उलटली. जाहिरातीची प्रत जोडलेली नव्हती. ती रावजींच्या घरी पेटीत होती, हेही सरांना ठाऊक होतं. ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. आपण एकट्यानेच का जळायचं?

"ठीक आहे. द्या उद्या," ते म्हणाले.

महिन्याभराने रावजींचा अर्ज परत आला: कागदपत्रं अपूर्ण, मुदत संपली. सर दोन दिवस रावजींना टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी रावजीच शाळेत आले. ते भांडतील, निदान विचारतील तरी, म्हणून सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

रावजींनी त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या नजरेतून सुटलं, म्हणजे माझंच दैव खोटं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, सर."

सरांना तो हात सोडवून घेता येईना. चौथीची मुलं पाढे म्हणायची थांबून दोघांकडे बघत राहिली.