अभ्यासासाठी बाहेर काढलेला दोरा

विद्यापीठात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या ‘भुताच्या बाई’ होत्या. जादूटोणा, करणी, नजर, मंतरलेल्या वस्तू यांचा अभ्यास करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि या तीस वर्षांत एकाही भुताने आपल्याला तोंड दाखवण्याची तसदी घेतली नाही, असं त्या पहिल्याच तासाला सांगत. वर्ग हसायचा. मग त्या चष्मा पुसत म्हणायच्या, “मानणाऱ्यांना हसायचं नाही आणि आपण मानायचं नाही. एवढी दोन पथ्यं पाळा, पास व्हाल.”

त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात क्रमांक घातलेले तीनशे डबे, आणि प्रत्येक डब्यात कुणाची तरी मंतरलेली वस्तू. अशा वस्तू मागून कुणी देत नाही. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. फोटो काढायला म्हणून वस्तू दोन दिवस मागून आणायची, हुबेहूब नक्कल करायची आणि नक्कल परत द्यायची. खरी डब्यात. चोरी म्हणावं तर कुणाचं काही गेलेलं नाही, कारण खऱ्यात काही नसतं आणि खोट्यातही नसतं. बाईंचं हे म्हणणं त्यांच्यापुरतं अगदी बिनतोड होतं. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, हाही त्याचा एक फायदा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास इस्त्रीवाली दारात येऊन उभी राहिली. वसतिगृहासमोरच्या लॉन्ड्रीत ती दिवसभर कपड्यांना इस्त्री करायची. दोन्ही हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. गेल्या वर्षी बाईंनी तिच्याकडून एक दोरा मागून आणला होता. तिच्या आजीने वळलेला, नऊ गाठींचा. घरात मुलाला ताप आला की तो मनगटाला बांधायचा.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि तिने घडी घातलेला रुमाल टेबलावर उलगडला. आत दोरा होता.

“मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. जरा बघून सांगा, माझं कुठे चुकलं?”

“काय झालं?”

“मोठी गेली माझी. पाच महिने झाले. ती तापाची साथ आली होती ना, त्यातच.” तिचा आवाज सपाट होता; सांगून सांगून झिजलेला. “दवाखाना केला, औषधं केली, कशात कसूर नाही ठेवली. आणि हा बांधला. माझ्या आजीपासून याने कुणाला दगा दिला नाही. बांधताना श्वास रोखून धरायचा असतो, सांगितलं होतं ना मी तुम्हाला? मी धरला. पण गाठ मारताना शेवटी पोरीने माझ्याकडे बघितलं आणि मला हुंदका आला. त्यानेच झालं ना? सासूबाई म्हणतात, तुझा हातगुणच वाईट. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी खरं धरेन.”

बाईंनी दोरा ओळखला होता. न ओळखतील कशा? स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनीच तो वळला होता आणि जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात उकळला होता. तेव्हा आपल्या हातच्या त्या कामाचं त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं! आता त्याच्याकडे बघवेना.

“तुमचं काहीही चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “दोऱ्याने ताप जात नसतो. आजारच वाईट होता तो.”

इस्त्रीवालीने त्यांच्याकडे बघितलं. शर्ट जळालाच नाही असं म्हणणाऱ्या नवख्या कामगाराकडे बघावं, तसं.

“जात नसतो, तर तुम्ही तीस वर्षं इथे काय करताय?”

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी मोठमोठ्या सभांमध्ये दिलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. या बाईपुढे त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. ही बाई अशीच उठून घरी जाईल आणि जन्मभर आपल्या एका हुंदक्याला पोरीचा जीव घेतला म्हणून दोष देत राहील.

“हा दोरा तुमचा नाही,” त्या म्हणाल्या. “मी बदलला. तुमचा ठेवून घेतला आणि हा तुम्हाला दिला.”

आता ती ओरडेल, हात उगारेल, म्हणून त्यांनी वाट बघितली. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं. पण इस्त्रीवालीचे खांदे हळूहळू खाली आले आणि ती तोंडावर रुमाल दाबून रडू लागली.

“म्हणजे माझी गाठ चुकली नव्हती.”

“नव्हती.”

“माझ्या हुंदक्याने नाही गेली ती.”

“नाही.”

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “तुमचा हिशेब देव बघेल, मॅडम. मला भांडायला वेळ नाही. माझा दोरा तेवढा द्या. धाकटीला परवापासून ताप आहे.”

“दवाखान्यात नेलं का?”

“नेलं. गोळ्या चालू आहेत. मोठीलाही चालूच होत्या.”

बाईंनी कपाटाकडे बघितलं. “किल्ली आज लिपिकाकडे आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी या. नक्की देते.”

किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. पण ती लावून उपयोग नव्हता. तो डबा रिकामा होता. नोंदवहीत त्या डब्यापुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘अभ्यासासाठी बाहेर’. त्यापुढची तारीख होती त्याच साथीतली, त्यांच्या एकुलत्या एक मुलीपुढे डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवसाची. त्या दुपारी भुताच्या बाई दोरा पदराखाली लपवून दवाखान्यात गेल्या होत्या. श्वास रोखून त्यांनी तो लेकीच्या मनगटाला बांधला, आणि नर्सने विचारलं तेव्हा ‘प्रयोग आहे’ म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. आदल्याच दिवशी औषध बदललं होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते त्या स्वतःला रोज सांगत होत्या. दोरा मात्र अजून काढला नव्हता.

दुपारी त्या घरी आल्या, तेव्हा लेक झोपली होती. अजून अशक्तपणा होता. वर्षभरात ताप उलटू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी कात्री घेतली आणि तिच्या उशाशी बसल्या. लेकीने डोळे उघडले.

“कात्री कशाला गं, आई?”

“दोरा मळलाय. काढून टाकू.”

“काढ की! मला तर खाजतोय.” तिने हात पुढे केला. “तूच बांधलास, आणि यात काही नसतं असंही तूच म्हणतेस.”

“काहीच नसतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी कात्रीचं पातं दोऱ्याखाली सरकवलं. मनगट केवढंसं राहिलं होतं! पलीकडे निळी शीर उडत होती. इस्त्रीवालीची धाकटी किती वर्षांची, हे आपण विचारलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. न विचारलं तेच बरं झालं, असंही वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची त्यांना किळस आली.

“अगं, काप ना.”

“गुरुवारी तुझी तपासणी आहे,” बाई म्हणाल्या. “ती झाली की काढू.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरच्या डब्यातून त्याच सुताचं रीळ काढलं. शेगडीवर पातेलं ठेवून पाण्यात मूठभर चहा टाकला आणि सूत वळायला घेतलं. बोटं काहीच विसरली नव्हती. मागच्या वेळी त्यांनी या गाठी रेडिओ ऐकत मारल्या होत्या. या वेळी नऊच्या नऊ गाठींना त्यांनी श्वास रोखून धरला. त्या बाईसाठी तेवढंच त्यांच्याने होण्यासारखं होतं.

मग त्यांनी दोरा पातेल्यात सोडला आणि रंग चढायची वाट बघत उभ्या राहिल्या.