उतरत्या पावाचा आलेख

मित्रांनो, मी एक जुना आलेख आहे. जुना म्हणजे अवघा तीन वर्षांचा. पण मोबाइलच्या पडद्यावर जन्मलेल्या आलेखाचे आयुष्य साधारण एका दुपारचे असते. लोक जेवता जेवता बघतात, ‘अरेच्चा’ म्हणतात आणि अंगठ्याने वर ढकलून देतात. माझे बहुतेक भाईबंद असे सुखाने विसरले गेले. मला मात्र कोणी विसरायला तयार नाही. चोवीस निळे ठिपके, त्यांतून डावीकडून उजवीकडे उतरणारी लाल रेघ, खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचे नाव आणि माथ्यावर एक प्रश्न : ‘आपला पाव कुठे चालला आहे?’ एवढाच माझा संसार. त्यातला एक ठिपकाही मला इकडचा तिकडे करता येत नाही.

मला काढले काटेकाकांनी. हे त्यांचे आडनाव नव्हे. एकतीस वर्षे त्यांनी ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कारकुनी केली, म्हणून गल्लीने बहाल केलेली ही पदवी. ट्रक काट्यावर चढला की काका वजन लिहीत, वेळ लिहीत आणि खाली सही ठोकत. निवृत्त झाले, पण तोलायची खोड काही निवृत्त झाली नाही. सुनेने भाजी आणली की तोल, रद्दी बांधली की तोल. साबणाची वडी रोज किती झिजते याचीसुद्धा त्यांच्याकडे वही होती. घरात त्यांना कोणी हसत नसे. कारण हसणाऱ्याला वही दाखवली जाई, आणि एकदा उघडलेली वही लवकर मिटत नसे.

पावाचीही अशीच एक वही होती. चौकातल्या भट्टीचा चारशे ग्रॅमचा पाव आठवड्याला एकदा तोलायचा, महिन्याच्या चार पावांची सरासरी काढायची. दोन वर्षांचे चोवीस महिने भरल्यावर काकांनी सुनेच्या संगणकावर बसून माझे ठिपके मांडले. पहिला ठिपका चारशे दोनवर, शेवटचा तीनशे चौऱ्याऐंशीवर. तळ त्यांनी शून्यावर ठेवला नाही, तीनशे पंचाहत्तरवर ठेवला. कागदाची खालची जागा उगाच रिकामी का सोडा, असा हिशेबी माणसाचा विचार. त्यामुळे अठरा ग्रॅमचा उतार कड्यावरून उडी मारल्यासारखा दिसू लागला.

मग काकांनी मला ‘आकड्यांचा कट्टा’ नावाच्या गटात नेऊन सोडले. तिथे आलेखांची हौस असणारी हजारो माणसे जमत. कोणी आपण लिफ्टसाठी रोज किती मिनिटे थांबतो ते मांडी, कोणी वर्षाकाठी किती मोजे एकटे पडतात ते. माझ्यावर ही मंडळी तुटून पडली. पहिला दिवस रंगावर गेला. “निळ्यावर लाल? डोळे आहेत की भोकं?” असे एका दंतवैद्याने विचारले आणि त्यावर दीडशे जणांनी आपापले डोळे शाबूत असल्याचे कळवले. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी लिहिले, “तळ शून्यावर का नाही? कापलेल्या पायांवर उभा केलाय बिचाऱ्याला.” त्यांना अकरा अंगठे मिळाले. “याच वेगाने गेलं तर त्रेचाळीस वर्षांनी पिशवीत नुसता कागद येईल,” असे लिहिणाऱ्याला चार हजार मिळाले. शहाणपण आणि गंमत यांचा बाजारभाव मला त्या दिवशी कळला.

एक गोष्ट मात्र इतक्या माणसांत कोणीच विचारली नाही, आणि ती फक्त मला ठाऊक होती. पहिल्या महिन्यांत काका सकाळी फिरून येताना स्वतः गरम पाव आणत आणि लगेच तोलत. पुढे गुडघा कुरकुरू लागला. मग महिन्यातला एखादा पाव सून संध्याकाळी कामावरून येताना आणू लागली, नंतर दोन, नंतर तीन, आणि शेवटी चारही. माझ्या प्रत्येक ठिपक्याच्या पोटात हे होते. पण मला बोलायला दोनच रेघा दिलेल्या : आडवीवर महिना, उभीवर ग्रॅम. सकाळ आणि संध्याकाळ सांगायला तिसरी रेघ नव्हती. खरे ठाऊक असून खोट्या आकारात उभे राहणे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. मला तर तसेच उभे राहावे लागले, एकेचाळीस हजार पडद्यांवर.

चौथ्या दिवशी कोणीतरी खालचे नाव ओळखून लिहिले, “ही तर आमच्या चौकातली भट्टी!” झाले. भट्टीवाल्या मावशींच्या दुकानात दोन भट्ट्या होत्या. एक त्या सांभाळीत, दुसरी त्यांची धाकटी जाऊ. दुसरी भट्टी पेटे ती जवळच्या वसतिगृहाच्या एकशेवीस पावांसाठी. वसतिगृहाच्या मेसच्या व्यवस्थापकाने मला मोठ्या कागदावर छापले, मेसच्या फलकावर चार टाचण्यांनी ठोकले आणि पाव दुसरीकडून मागवला. त्या आठवड्यात दुसरी भट्टी विझली आणि जाऊबाई दुसऱ्यांच्या दारात काम विचारत फिरू लागल्या.

एका सकाळी मावशी काकांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात फडक्यात गुंडाळलेला पाव.

“पाव मोजणारे काका तुम्हीच ना?”

“मोजणारा मी. कमी करणाऱ्या तुम्ही,” काका म्हणाले.

“साचा तोच, पिठाचा गोळा तोच. कमी कुठून करू? फुंकर मारून?”

“माझी वही खोटं बोलत नाही, बाई.”

“मग वहीलाच बोलवा. तोला हा.”

पाव अजून वाफाळत होता. काट्याने दाखवले चारशे दोन.

“आज माझ्यासाठी खास मोठा आणला असेल.”

“बरं. मग हाच राहू दे इथे. कापू नका, खाऊ नका. संध्याकाळी येते मी.”

सुनेची त्या दिवशी सुट्टी होती. “बाबा, मी पहारा देते,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा पावाला अंगरक्षक मिळालाय.”

संध्याकाळी मावशी आल्या. काकांनी पाव उचलून काट्यावर ठेवला. तीनशे पंच्याऐंशी. त्यांनी काटा पुसला, जमिनीवर मांडला, किलोचे माप ठेवून तपासला, पुन्हा पाव ठेवला. तीनशे पंच्याऐंशी.

“कुणी कुरतडला?”

“पहारेकऱ्यावर आळ घेताय, बाबा?”

“गरम पावातली वाफ जाते, काका,” मावशी म्हणाल्या. “पाणीच ते. तुम्ही तोलता कधी?”

काका वही उघडून वेळ शोधू लागले. सूनच हळूच म्हणाली, “हल्ली पाव मीच आणते. संध्याकाळी, सकाळी भाजलेला.”

काका खुर्चीत बसले. “ओल्या वाळूचा ट्रक,” ते म्हणाले, “सकाळी भरला आणि दिवसभर उन्हात उभा राहिला, की संध्याकाळी हलका भरतो. तेवढ्यासाठी तर आम्ही वेळ लिहायचो. एकतीस वर्षं लिहिली.”

“मग इथे का नाही लिहिलीत?” मावशींनी विचारले.

“घरचंच मोजमाप. वाटलं, घरी सही कोण मागणार आहे?”

“चुकलो म्हणा, बाबा,” सून म्हणाली.

“चुकलो.”

“ते ठीक,” मावशी पदर खोचत म्हणाल्या. “पण माफीनं माझी भट्टी पेटत नाही. मेसमधला तो कागद काढून आणा.”

काकांनी आधी गटात नवा आलेख टाकला. हा माझा धाकटा भाऊ : सकाळची एक रेघ, संध्याकाळची एक, दोन्ही सरळ आडव्या, तळ शून्यावर. तो शंभर टक्के खरा होता, म्हणून कंटाळवाणा दिसत होता. त्याला त्रेसष्ट माणसांनी पाहिले. एकाने विचारले, “यात विशेष काय?” मग काकांनी मला गटातून पुसले. मला वाटले, सुटलो! पण मी तोवर कुठल्या कुठल्या फोनमध्ये जाऊन बसलो होतो. एकाने माझ्यावर लाल वर्तुळ काढले होते, एकाने खालचे काकांचे नाव कापले होते. चूक सुधारायला जायचे, तर कोणाकोणाच्या दारात जाणार?

एका दाराचा पत्ता मात्र ठाऊक होता. काका काठी टेकत वसतिगृहात गेले.

“काका, पाव लहान झालाय हे सगळ्या पोरांना माहीत आहे,” व्यवस्थापक म्हणाला. “आता तो मोठा कसा झाला म्हणून सांगू?”

“अहो, लहान झालाच नव्हता!”

“चित्रात दिसतंय ना.”

“चित्र मीच काढलंय!”

“म्हणूनच तर विश्वास आहे.”

काका कपाळाला हात लावून उभे राहिले. “निदान कागद तरी काढू द्या.”

“फलकावरचा कागद काढायचा तर वरून लेखी परवानगी लागते. आणि नव्या पाववाल्याशी वर्षाचा करार झालाय.”

“आणि कागदावर लिहायला?”

व्यवस्थापकाने नियम आठवून पाहिले. “लिहायला कोणी बंदी केल्याचं ऐकलं नाही.”

मग काकांनी शर्टाच्या खिशातून पेन काढले, बगलेतून वही काढली. भिंतीवर टेकून, दुखरा गुडघा एका बाकावर ठेवून ते माझ्या एकेका ठिपक्याखाली लिहू लागले : सकाळ चार. सकाळ तीन, संध्याकाळ एक. सकाळ दोन, संध्याकाळ दोन. वहीत वेळ नव्हती, पण कोणते पाव स्वतः आणले आणि कोणते सुनेने, हे सुनेने पैशांच्या हिशेबासाठी वहीत केलेल्या खुणांवरून निघत होते. दुपारभर ते उभे होते. जेवायला आलेली पोरे थाळ्या हातात घेऊन मागे थांबली. ठिपके उतरत होते तसतशा संध्याकाळी वाढत होत्या, हे त्यांना कोणी न सांगता दिसले. शेवटी काकांनी खाली लिहिले, ‘पाव कमी झाला नव्हता. वेळ मी लिहिली नाही. चूक माझी.’ आणि सही केली.

त्या भिंतीवरच्या कागदात मी पहिल्यांदा खरे बोललो, मित्रांनो. करार संपल्यावर वसतिगृहातून साठ पावांची मागणी परत आली. एकशेवीस आली नाही. दुसरी भट्टी आता आठवड्यातून तीन दिवस पेटते, आणि उरलेले दिवस जाऊबाई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटतात. काका दर महिन्याला मेसमध्ये जाऊन कागद जागेवर आहे ना, ते बघून येतात.

पण मी फक्त तिथेच नाही. गेल्या महिन्यात एका फोनवर कोणी मला पुन्हा बाहेर काढले, माथ्यावरचा प्रश्न खोडून लिहिले, ‘सगळे भट्टीवाले चोर.’ दुपारपर्यंत नऊशे माणसांनी मला पुढे ढकलले. त्यांच्याकडच्या माझ्यावर ना सकाळ लिहिलेली आहे ना संध्याकाळ, आणि मला हात नाहीत.

तेव्हा एक विनंती आहे. एखादा आलेख आवडला, तर त्याच्या रंगावरून खुशाल भांडा. पण तो दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एवढे विचारा, की हे कधी मोजले? आणि एखाद्या दिवशी चोवीस निळे ठिपके घेऊन मीच तुमच्या फोनवर आलो, तर माझ्यावर एक उपकार करा. मला पुढे पाठवू नका. मला तुमच्यापाशीच संपू द्या.