दोन ग्लास पाणी

सकाळपासून मी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सोमवारी शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि खेळाच्या शिक्षिकेला उड्या मारायला हरकत नाही, असा कागद फिजिओथेरपिस्टकडून हवा होता. बाळ तीन महिन्यांचं झालं. घरात बसून मी कावले होते. त्यात माझ्या जागी आलेली बाई मुलांना वर्गात बसवून खेळाचे नियम लिहायला लावते, हे कळल्यापासून तर डोकंच फिरलं होतं.

फिजिओनं पोटावर बोटं ठेवून बाळंतपणात स्नायूंमध्ये पडलेली फट मोजली. मग ओटीपोटाखालचे स्नायू तपासले.

"लघवी अडवतो तसं आवळा. आता सोडा."

आवळणं झकास जमलं, सोडणं काही जमेना.

"खोकताना, शिंकताना लघवी होते?"

"छे," मी ठोकून दिलं.

तिनं माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. "दोन ग्लास पाणी प्या. वीस मिनिटांनी उड्या मारून बघू."

बाहेरच्या खोलीत मी येरझाऱ्या घालत राहिले. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बस की जरा. पायाला भिंगरी लागलीय का?"

"तुम्हाला पाणी देऊ?"

"नको गं. बाहेर निघालं की मी पाणी पीत नाही."

लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. म्हातारीचे नखरे, दुसरं काय.

वीस मिनिटांनी आत गेले आणि सातव्या उडीला व्हायचं ते झालंच. मला माझ्याच अंगाचा संताप आला.

"सोमवारी नाही," फिजिओ शांतपणे म्हणाली. "दोन महिने व्यायाम करा, मग पाहू. आणि पाणी तोडू नका. कित्येक बायका वर्षानुवर्षं तेच करतात. बाहेर पडायचं म्हटलं की पाणी बंद. मग हळूहळू बाहेर पडणंच बंद."

माझा राग जागच्या जागी विरला. नणंदेचं गाव बसनं चार तासांवर आहे, आणि सासूबाई लेकीकडे कधी राहायला गेल्या नाहीत. बस लागते म्हणायच्या.

मी बाहेर आले.

"मिळाला कागद?"

"नाही. दोन महिने थांबायचंय." मी ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. "आई, प्या. इथं बाथरूम जवळ आहे. आणि पुढची वेळ मी तुमच्यासाठी घेतेय."

त्या बाळाचं दुपटं सारखं करत बसल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या जन्मापासून आहे गं हे. आतल्या बाईंना तूच सांग. मला नाही बोलता यायचं."

"सांगते," मी म्हणाले.

त्यांनी ग्लास घेतला.