बिनखिडकीची खोली

आत घ्या.

साथ आली आणि इस्पितळातल्या मानसतज्ज्ञ बाईला सफाईच्या बायकांनी नाव पाडलं : श्वासवाली. थकलेल्या डॉक्टरांना वरच्या सभागृहात बसवायचं, सावकाश श्वास घ्यायला शिकवायचं, हेच तिचं काम. सभागृहाला दोन्ही बाजूंनी खिडक्या. वारा खेळता.

"आणि सफाईवाल्या?" तिने अधीक्षकांना विचारलं. "मेलेली माणसं त्याच गुंडाळतात. झोप त्यांचीही उडालीय."

"सगळ्यांचे लाड पुरवायला हे काय माहेर आहे?"

ती हटून बसली. रोज त्यांच्या दारात उभी. शेवटी ते वैतागले. "तळघरातली औषधांची जुनी खोली घ्या, पण माझं डोकं खाऊ नका!"

जिंकल्याच्या आनंदात खोलीला खिडकी नाही हे तिने पाहिलंच नाही.

खोटं. पाहिलं. चालवून घेतलं.

धरून ठेवा.

गुडघ्याला गुडघा लागेल अशा खुर्च्या. मुकादम बाहेरून हाका मारायचा म्हणून दार लावलेलं. सगळ्यांत पुढे मावशी, सफाईवाल्यांत वयाने मोठी, जिभेने त्याहून.

"ताई, श्वास घ्यायला शिकवणार? मग इतकी वर्षं काय मी उसना घेत होते?"

खोली हसली.

"मास्क खाली करा," श्वासवाली म्हणाली. "पोटापर्यंत जाऊ दे."

हे तीच म्हणाली. दुसरं कुणी नाही. तेव्हा सगळे हात धुण्याच्याच मागे होते, रोग हवेतून पसरतो असं कुणी बोलत नव्हतं, हे खरं. पण मग डॉक्टरांना खिडकीतली जागा का हवी असायची?

आत. धरून ठेवा. सोडा. एकीने सोडलेला दुसरीने घेतला. मावशीला खुर्चीतच डोळा लागला. घोरायला लागली तशा बाकीच्या तोंडात पदर कोंबून हसल्या. कोपऱ्यातली एक खोकली.

"ठसका लागला गं," ती म्हणाली.

धरून ठेवा.

आठवडाभरात खोली रिकामी झाली. बसलेल्या बहुतेक सगळ्या आजारी पडल्या, एकेक करून परतल्याही. मावशी परतली नाही. ती वर अतिदक्षता विभागात होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली. श्वासवाली रोज काचेपाशी जायची. खोलीचं सांगायचं ठरवून जायची. मावशी काचेतून तिच्याकडे बघायची, पोटावर हात ठेवायची आणि शिकवल्याबरहुकूम श्वास ओढायची. पोट हलायचंच नाही.

अधीक्षकांनी तळघरातले वर्ग बंद केले. डॉक्टरांचे चालू राहिले.

सोडा.

मावशीची लेक सामानाची पिशवी न्यायला आली. मागच्या दाराशी श्वासवालीने तिला गाठलं.

"ती खोली..." तिने सुरुवात केली. "त्या खोलीत मी..."

"हो ना ताई. आई त्या खोलीबद्दलच बोलायची. म्हणायची, एवढी वर्षं इथे राबले, पण बस म्हणून खुर्ची कुणी दिली तर त्या श्वासवालीनेच." लेकीने वाकून तिच्या पायांना हात लावला. "शेवटपर्यंत तुम्ही शिकवलेलंच करत होती हो."

श्वासवालीने तोंड उघडलं. लेक थांबली होती, पिशवी छातीशी धरून, ऐकायला.

"सावकाश जा," ती म्हणाली.

वर सभागृहात डॉक्टर जमले होते. कुणीतरी खिडक्या उघडत होतं.