चाळीसची हवा

२०२३ सालच्या डिसेंबरात, कतारच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी तिथल्या शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून आली तेव्हा, सुनीतीबाईंनी एक धडधाकट गाडी वाळूत गाडून दाखवली. त्यांचं वय तेव्हा बाहत्तर होतं, आणि गाड्यांमधलं आपल्याला कळतं हा त्यांचा समजही जवळजवळ तितकाच जुना होता.

समजाला कारण होतं. त्यांचे यजमान वसंतराव यांची चिपळूणला हिरवी मॅटॅडोर होती. बावीस वर्षं ते कुंभार्ली घाटातून प्रवासी नेत-आणत, आणि जागा रिकामी असली की सुनीतीबाई शेजारच्या सीटवर बसत. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. पण शेजारी बसून बसून माणूस मेकॅनिक होतो, असं त्यांना मनापासून वाटे. वसंतराव गेले, मॅटॅडोर भंगारात गेली, समज तेवढा राहिला. तो घेऊन त्या कतारमध्ये अल खोरला मुलाकडे राहायला आल्या.

मुलगा कौशिक रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. सून भैरवी, नात ईशा दहा वर्षांची. घरात काम म्हणून सुनीतीबाईंना काही उरलं नव्हतं. महिनाभरापूर्वी त्यांनी मदत म्हणून भांड्यांच्या मशीनमध्ये कपड्यांची पावडर घातली, आणि फेस स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत आला. कौशिक ओरडला नाही. फेस पुसता पुसता तो अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, तू प्लीज कशाला हात लावत जाऊ नकोस."

ओरडला असता तर बरं झालं असतं. ते प्रेमाचं वाक्य सुनीतीबाईंना महिनाभर टोचत होतं. कशाला म्हणजे कशालाच हात लावायचा नाही, तर मग करायचं काय? शोकेसमध्ये बसायचं?

तेवढ्यात कॅरव्हॅनची टूम निघाली. भाड्याची कॅरव्हॅन कौशिकच्या मोठ्या गाडीला मागे जोडायची आणि तीन दिवस भटकायचं. देश केवढा, तर सकाळी निघालं की जेवायच्या आत दुसऱ्या टोकाला. पण कौशिकने नकाशावर अशी काही वेडीवाकडी रेघ मारली होती की जगाची सफर वाटावी. सोबत डग्लस आणि आग्नेस. दोघं वसईचे. आग्नेस अल खोरच्या एका दवाखान्यात नर्स, डग्लस कौशिकच्याच प्लांटमध्ये टेक्निशियन आणि एकोणीस वर्षं वाळूत मुरलेला ड्रायव्हर. कौशिकला वाळू नवी होती. डग्लस नसता तर तो डांबर सोडून खाली उतरलाच नसता.

पहिले दोन दिवस छान गेले. आग्नेसने डबाभर फुगे, वसईकडचे गोल गोडसर पाव, तळून आणले होते, भैरवीने मटकीची उसळ. दुसऱ्या दिवशी झिक्रीतच्या वाळवंटाच्या बाजूला डांबर संपलं, तसा डग्लस खाली उतरला आणि चाकांतली हवा सोडायला बसला. कौशिक तेव्हा ड्युटीच्या फोनवर होता. सुनीतीबाई आत डुलकी घेत होत्या. पुढचं सगळं त्या डुलकीमुळे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौघं वाऱ्याने कोरलेले खडक बघायला चालत गेले. सुनीतीबाईंचे गुडघे म्हणून त्या मागे राहिल्या, आणि ईशा त्यांच्या सोबतीला. दुपारी निघायचं होतं. त्यानंतरच्या सकाळी सहाला कौशिकची शिफ्ट होती.

चहा पिऊन सुनीतीबाई गाडीभोवती फिरल्या आणि थबकल्या. चारही चाकं पोट सुटल्यासारखी वाळूवर पसरली होती.

वसंतरावांची रीत त्यांना पाठ होती. लांब निघायच्या आधी ते पान्हा घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारत. ठण्ण वाजलं तर चाक निरोगी. सुनीतीबाईंनी कॅरव्हॅनमधून लाटणं आणलं आणि पुढच्या चाकावर हाणलं.

धप्.

दुसऱ्यावर. धप्.

"बघ," त्या ईशाला म्हणाल्या, "इंजिनिअर आहेत म्हणे! तीन दिवसांत एकाने चाकाकडे बघितलं नाही."

"आजी, मे बी दे आर सपोज्ड टू बी लाइक दॅट?"

"चाक कधी असं असतं का गं? तुझ्या आजोबांनी बघितलं असतं तर जेवले नसते."

हवेचा पंप डिकीत होता. बॉनेट उघडायला ईशाने मदत केली. बॅटरीवर लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, हे मात्र सुनीतीबाईंनी न चुकता केलं. पंप घरघरायला लागला तसं त्यांना किती वर्षांनी हलकं वाटलं. आकडा चाळीसवर, वसंतराव मॅटॅडोरला भरत तेवढ्यावर, आला की पुढचं चाक. चारही ठण्ण वाजली. कॅरव्हॅनच्या चाकांपर्यंत पंपाची नळी पुरली नाही, नाहीतर त्यांचंही कल्याण झालं असतं.

"शुड वी टेल डॅडी?" ईशाने विचारलं.

"आत्ता नको. घरी पोचलो की जेवताना सांगू." वाक्यही त्यांनी मनात तयार केलं. सहज म्हणायचं, बरं झालं मी हवा भरली ते.

दुपारी कौशिक स्टिअरिंगवर बसला. डग्लस कॅरव्हॅनच्या मागे उभा राहून हात हलवत ओरडला, "यल्ला!" गाडी दहा पावलं गेली आणि बसली. कौशिकने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली आणि गाडी म्हैस डबक्यात बसावी तशी पोटापर्यंत आत गेली.

"थांब, थांब! दाबू नको!" डग्लस धावत आला.

कौशिक उतरला. घाम पुसत त्याने हवेचं मीटर चाकाला लावलं.

"डग्लस, चाळीस आहे."

"काय बोलतो! अठरा केली मी काल."

"हे काय लिहिलंय मग? अठरा आहे का हे?"

"अरे बाबा, माझ्या हाताने काढली. चारी चाकांची."

"काढली असशील तुझ्या मते. मी फोनवर होतो, मला काय माहीत? उद्या सहाला मला प्लांटवर उभं राहायचंय."

डग्लसचा चेहरा पडला. "एकोणीस वर्षं झाली मला इथे," तो सावकाश म्हणाला. "मी खोटं बोलतो असं वाटत असेल, तर खलास. तुझी गाडी, तुझं तू बघ." आणि तो जाऊन कॅरव्हॅनच्या पायरीवर बसला. आग्नेसने त्याच्याकडे बघितलं, मग कौशिककडे, आणि फुग्यांचा डबा उगाचच बंद केला.

सुनीतीबाईंना सगळं कळलं. वाळूत हवा काढायची असते. म्हणजे चाकं ठीक होती, ठोकाही ठीक होता, चुकला होता तो कुंभार्ली घाट, जो इथे नव्हता. आता बोललं की संपलं. भांड्यांच्या मशीननंतर ही गाडी. उरलेलं आयुष्य शोकेसमध्ये. न बोललं तर कुणाला कळणारही नव्हतं.

पण ईशा त्यांच्याकडे बघत होती.

"मी भरली," सुनीतीबाई म्हणाल्या.

"काय?" कौशिक वळला.

"हवा. डग्लसने काढलेली मी परत भरली. चाळीस. तो खरं बोलतोय."

"आई! का पण?"

"धप् वाजत होती."

"काय वाजत होती?"

"चाकं. लाटण्याने." हे मोठ्याने बोलल्यावर कसं ऐकू येतं, ते त्यांना तेव्हाच कळलं.

भैरवीने ओढणी तोंडात कोंबली. आग्नेस "देवा रे" म्हणाली आणि खाली बसून हसायला लागली. कौशिक पायरीपाशी गेला. "सॉरी, डग्लस. चुकलं माझं."

डग्लस हसला नाही. तो उठून सुनीतीबाईंकडे आला. "काकू, पंप बॅटरीला कुणी जोडला?"

"मीच."

"लाल लालला?"

"मग! तेवढं कळतं मला."

डग्लसने मीटर त्यांच्या हातात ठेवलं. "भरली तुम्ही. आता काढायचीही तुम्हीच. अठरा."

"अरे, तिचे गुडघे..." कौशिक म्हणाला.

"गुडघे भरताना पण हेच होते ना?"

भैरवीने योगाची चटई आणून अंथरली. सुनीतीबाई एकेका चाकापाशी बसल्या, किल्लीच्या टोकाने वाल्व दाबला, रबराचा वास असलेली हवा तोंडावर घेतली आणि आकडा उतरताना बघत राहिल्या. पुरुषांनी तोवर फावड्याने वाळू उपसली. मग डग्लस स्टिअरिंगवर बसला, आणि गाडी मुकाट्याने वर आली.

परतताना सुनीतीबाई त्या प्रेमाच्या वाक्याची वाट बघत होत्या. अल खोर आलं तेव्हा कौशिक म्हणाला, "आई, पुढच्या वेळी हात लावायच्या आधी विचारत जा." हात लावू नको असं तो म्हणाला नव्हता. सुनीतीबाईंनी हे मनात दोनदा तपासलं.

कौशिकची शिफ्ट चुकली नाही. तो आता वाळूत बरा चालवतो, म्हणजे दोनदाच अडकतो. भैरवी हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि दर वेळी लाटणं थोडं मोठं होतं. ईशा बारा वर्षांची झाली. ती अजून इंग्रजीतच उत्तरं देते, फक्त "धप्" तेवढं मराठीत म्हणते. आग्नेस त्याच दवाखान्यात आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. डग्लस मागच्या वर्षी वसईला परत गेला, घराच्या डागडुजीला. हिवाळ्यात इथे गाड्या वाळूकडे निघाल्या की त्याचा फोन येतो. सलाम नाही, दुवा नाही. "काकू, किती?"

सुनीतीबाई तेव्हा चाकापाशी चटईवर बसलेल्या असतात, मीटर हातात.

"अठरा," त्या म्हणतात. मग कुणी बघत नाही असं पाहून हळूच एक ठोका मारतात.