भुरीच्या अंगाखालचं फडकं

बहिणीची मुलगी राहायला आली ती एक पिशवी कपडे आणि खोक्यात एक ससा घेऊन. बहिणीला परगावी वर्षभराची नोकरी लागली होती. तोवर पोरीनं मावशीकडे राहायचं, इतकंच ठरलं होतं. सशाचं कुणी काहीच ठरवलं नव्हतं, आणि मावशीच्या घरात एक ससा आधीच होता.

"आमच्या राणीसाहेब हिला दारातसुद्धा उभं करणार नाहीत हां," मावशीच्या लेकीनं, धाकटीनं, आपल्या सशीच्या वतीनं जाहीर केलं.

"मग माझी भुरी काय भाड्यानं आलीय का?" बहिणीची पोर फणकारली. दोघींत ती मोठी.

पोरी दोन, सशाच्या माद्या दोन आणि खोली एक. प्राण्यांचे डॉक्टर हसले. "एका म्यानात दोन तलवारी! घाई कराल तर रक्त निघेल. पिंजरे वेगळे ठेवा, मध्ये हातभर अंतर. रोज संध्याकाळी हिच्या अंगाखालचं फडकं तिला द्यायचं, तिचं हिला. तीन आठवड्यांनी दोघींपैकी कुणाचीच नाही अशा जागी भेट घालायची. न्हाणीघरात घाला."

फडकं कशासाठी बदलायचं, तेही त्यांनी समजावून सांगितलं. पण तेव्हा मावशी खाली वाकून धाकटीच्या बुटाची नाडी बांधत होती.

मोठीनं ते काम अंगावर घेतलं. कॅलेंडरवर रोज एक फुली पडू लागली. "भुरीचं इथं नाही जमलं तर?" तिनं फोनवर आईला विचारलेलं मावशीनं स्वयंपाकघरातून ऐकलं. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. त्यानंतर मात्र पोरगी फुली मारताना ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मावशीची आठ वर्षं लॉन्ड्रीत गेली होती. मळकं कापड दिसलं की तिचे हात शिवशिवत. दुपारी दोनला ती घरी यायची, तर खोलीत केसांनी भरलेली, कुबट वासाची ती दोन फडकी. रोज ती गरम पाण्यात साबण घालून दोन्ही धुवायची, वाळवायची, वरून इस्त्री फिरवायची आणि पोरी शाळेतून यायच्या आत जागच्या जागी अंथरून ठेवायची. दुसऱ्याची पोर आपल्या घरी आहे, तिला काही कमी पडता कामा नये, असं तिला मनापासून वाटायचं.

बाविसाव्या दिवशी न्हाणीघरात दोघींना सोडलं. क्षणभर दोघी थिजल्या. मग केसांचे पुंजकेच उडाले. धाकटी किंचाळत राहिली. मोठीनं उघड्या हातांनी त्यांना सोडवलं, तोवर भुरीच्या कानाचा लचका गेला होता.

टाके घालता घालता डॉक्टरांनी मोठीला विचारलं, "फडकी बदलत होतीस ना?"

"रोज. एकही दिवस चुकवला नाही."

"म्हणजे एकमेकींचा वास ओळखीचा झालेला. मग स्वभावच म्हणायचा. काही जोड्या नाहीच जमत, बाळा."

वास! तोच तर मावशी रोज साबणानं धुऊन काढत होती. बाकड्यावर चार माणसं बसली होती. घरी गेल्यावर सांगू, म्हणून तिनं जीभ आवरली. घरी गेल्यावर स्वयंपाक निघाला, मग गृहपाठ, मग धाकटीचा ताप. सांगायचं राहिलं, असं ती स्वतःला म्हणत होती. खरं तर धीर होत नव्हता.

पाचव्या दिवशी मोठीनंच सगळं जुळवून आणलं. वर्गातल्या मुलीच्या आजोबांकडे मागच्या अंगणात ससे होते. "ते ठेवतील म्हणाले," ती म्हणाली आणि रविवारी भुरीला खोक्यातून देऊन आली. रडली नाही. रिकामा पिंजरा पुसून, घडी करून तिनं कपाटावर ठेवला.

तेव्हा कुठं मावशी बोलली. "चूक माझी होती गं. फडकी मी धुवायचे. रोज."

"माहीत होतं."

"काय?"

"साबणाचा वास यायचा ना त्यांना. डॉक्टर म्हणाले होते, धुवायची नाहीत."

"अगं मग बोलली का नाहीस, वेडे? एका शब्दानं सांगायचंस!"

पोरगी खांदे उडवून म्हणाली, "तुझं घर आहे ना, मावशी. तुला अस्वच्छ वाटत असेल."

मावशी घाईनं म्हणाली, "उद्याच जाऊन आणू तिला. पहिल्यापासून सुरू करू. मी हातसुद्धा लावणार नाही."

"नको. सारखं सारखं घर बदललं की त्यांना त्रास होतो."

हे ती इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मावशीला तिच्याकडे बघवेना. ती उठली. उगाच पलंग ओढून पाहिला, धाकटीचं दप्तर कोपऱ्यात सरकवलं.

"बरं, खोली नव्यानं लावू या. तू सांग, पलंग कुठं हवा तुला? खिडकीकडं? की भिंतीला?"

"कुठंही चालेल," मोठी म्हणाली.