एकोणीसवाली बिजली

सुमिंत्राकाकीची शेळी बिजली बाद झाली, हे फिजीतल्या राकीराकीच्या त्या टेकडीवर काकीच्या आधी सगळ्यांना कळलं होतं. सरकारी योजनेत नव्या बोकडासाठी शेळ्या निवडायच्या होत्या. पशुसंवर्धन खात्याचा तरुण डॉक्टर लिवाई मागच्या आठवड्यात रक्त घेऊन गेला होता आणि आता कागद हातात धरून गोठ्यापाशी अवघडून उभा होता.

"काकी, रक्त फार पातळ आहे. शंभरात एकोणीस भागच लाल पेशी. बावीसच्या खाली नाव कापायचं, असा नियम आहे."

"ती गाभण आहे, हे आहे का तुझ्या कागदात?"

"तसा रकानाच नाही."

"मग कसला रे कागद तो! दिवस भरत आले की शेळीचं रक्त पातळ होतंच."

"जंतांनीही होतं, काकी. मग अशी शेळी विताना जाते."

हे खरं होतं. अशी एक काकीने गमावलीही होती. तिने अंगठ्याने बिजलीची पापणी उलटी केली. फिकट होती, पण पांढरीफटक नव्हती. पिकायला आलेल्या गुलाबी पेरूच्या गरासारखी. जंतांनी येते तशी जबड्याखाली सूज नाही, लेंड्या घट्ट. चाळीस वर्षांत या अंगठ्याने तिला क्वचितच दगा दिला होता.

"व्याल्यावर पाच आठवड्यांनी परत सुई टोच. तेव्हाही एकोणीस आले, तर मीच नाव कापीन."

बोलली ठसक्यात. पण त्या दिवसापासून सुबाभळीचा पाला घालताना ती रोज पापणी बघू लागली.

शेजारची लितिया कुंपणावरून म्हणाली, "नवऱ्याच्या डोळ्यांत कधी इतकं बघितलंस का गं?"

"त्याला कुठे तिळं होणार होतं?"

आणि बाराव्या दिवशी बिजलीला खरंच तीन करडं झाली. तिन्ही धडधाकट, आणि ती स्वतः चारी पायांवर उभी राहून त्यांना चाटत होती. काकी लितियाच्या गळ्यात पडून रडली.

पाच आठवड्यांनी लिवाईने पुन्हा रक्त नेलं आणि दोन दिवसांत धावतच आला. "सत्तावीस, काकी! नाव परत घातलं!"

काकीची मान अशी ताठ झाली, की पदर खांद्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही. मग तिने विचारलं, "आणि बाद केलेल्या बाकीच्या सहा? त्यांचीही नावं गाभण असतानाच कापलीस ना? लितियाचीही?"

"हो, पण ती यादी वर गेली..."

"मग माझ्या बिजलीचंही नाव काप. त्या सहाही जणींना परत तपासशील, तेव्हाच बिजली यादीत जाईल."

लिवाईने कागदाची घडी करून खिशात घातली. मग त्याने मोटारीतून सुयांची पेटी काढली.

"लितियाताईंची शेळी गोठ्यात आहे ना?"

"चल," काकी म्हणाली, "शेळी मी धरते."